गोबरगॅसच्या टाकीत उतरू नका : एकाला काढायला गेलेले चौघे वर येत नाहीत, असं का होतं?

नारायणगाव / मंचर : ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात वाकडी नावाचं गाव आहे. तिथं एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. विहीर पाण्यासाठी वापरात नव्हती, गोबरगॅसचा खड्डा म्हणून वापरली जात होती. मांजर काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, त्याच्यामागे तिसरा. असे एकामागून एक सहा जण आत गेले. त्यातले पाच दगावले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्या लोकांना त्याला ओढून घेता आलं.

त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०२३ मध्ये, आपल्याच पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यातल्या खांडज गावात असंच घडलं. जनावरांचं शेण-मूत साठणाऱ्या चेंबरच्या सफाईत एक जण आत बेशुद्ध झाला. त्याला काढायला बाकीचे धावले आणि चौघांचा जीव गेला. त्याच्याही आधी, मार्च २०२२ मध्ये, लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत शौचालयाची टाकी साफ करताना चौघे गुदमरून मेले.

तीन घटना, तेरा माणसं. यातला कुणी विहिरीत पोहायला घाबरणारा नव्हता की कामचुकार नव्हता. बहुतेकांनी जीव गमावला तो दुसऱ्याचा जीव वाचवायला धावल्यामुळे. म्हणूनच हा विषय जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक गोठ्यावर बोलला गेला पाहिजे.

आपल्याकडे हा धोका का आहे?

आळेफाटा, ओतूर, नारायणगावपासून मंचर, अवसरी, पारगावपर्यंत दुधाचा धंदा घरोघर आहे. दोन गायींचा गोठा आता दहा-वीस गायींचा झाला. संकरित गायी आल्या, त्यांचं शेण-मूत वाढलं. गोठा पाण्याने धुतला की ते सगळं पातळ होऊन टाकीत जातं. कुणाकडे गोबरगॅस आहे, कुणी नुसतीच स्लरीची टाकी बांधली आहे, तर कुणी जुन्या पडक्या विहिरीतच सोडून दिलं आहे. स्लरी वाया घालवायची नसते, ती ऊस, टोमॅटो, कांद्याला सोडायची असते. त्यात चूक काहीच नाही. शेणाची स्लरी म्हणजे सोनंच.

पण जिथं शेण-मूत बंद जागेत साठतं, तिथं गॅस होणारच. गोबरगॅसची टाकी गॅस तयार करण्यासाठीच बांधलेली असते, हे सगळ्यांना माहीत असतं. स्लरीची साधी टाकी, गटाराचं चेंबर, संडासाची सेप्टिक टाकी आणि शेण टाकलेली जुनी विहीर यांतही तोच गॅस होतो, हे मात्र ध्यानात येत नाही. 'आपल्याकडे कुठं गोबरगॅस आहे' असं म्हणून माणूस बिनधास्त उतरतो.

वरच्या तिन्ही घटना मार्च-एप्रिलमधल्या आहेत, हेही लक्षात घ्या. ऊन वाढलं की शेण कुजवणारे जिवाणू जोरात काम करतात आणि गॅस जास्त होतो. खरिपाच्या आधी टाक्या रिकाम्या करायची गडबडही याच दिवसांत असते. आपल्याकडची उन्हाळी सफाई याच काळात येते.

टाकीत नेमकं काय असतं?

शाळेत हायड्रोजन शिकलेला आठवत असेल. सगळ्यात हलका वायू आणि पेट घेणारा. शेणाच्या टाकीत नुसता हायड्रोजन फारसा साठत नाही, पण तो ज्यांच्याशी जोडला जातो त्यातून तीन वायू तयार होतात. तिघांचा स्वभाव वेगवेगळा आहे.

पहिला मिथेन. कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार. गोबरगॅसमध्ये साधारण ५० ते ६५ टक्के हाच असतो आणि आपली शेगडी यावरच पेटते. त्याला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा हलका असल्यामुळे तो टाकीच्या वरच्या भागात, घुमटाखाली साठतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला असेल तर एका ठिणगीने भडका उडतो. बिडी, काडी, आकडा टाकून आत सोडलेला बल्ब, यांतलं काहीही पुरतं.

दुसरा अमोनिया. नायट्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन. बंद गोठ्यात सकाळी शिरल्यावर डोळे चुरचुरतात, नाकात झणका जातो, तो याचा. हा त्रास देतो, पण निदान ओरडून सांगतो की इथं थांबू नका.

तिसरा हायड्रोजन सल्फाइड. हायड्रोजनचे दोन अणू आणि गंधकाचा एक. कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो तो हा. चाऱ्यात आणि पेंडीत गंधक असतं, ते शेणात उतरतं. टाकीत हवा नसते, तिथले जिवाणू त्या गंधकाचा हा वायू करतात. गोबरगॅसमध्ये याचं प्रमाण मिथेनच्या मानाने अगदी थोडं असतं, पण माणूस आडवा करायला ते थोडंच पुरतं. हा हवेपेक्षा जड आहे. तो टाकीच्या तळाशी, विहिरीच्या बुडाशी, म्हणजे माणूस जिथं उतरतो तिथंच बसून राहतो.

यांच्या जोडीला कार्बन डायऑक्साइड असतो. गोबरगॅसमध्ये तो ३० ते ४० टक्के असतो आणि हवेच्या दीडपट जड आहे. तोही तळाशी बसतो आणि तिथली हवा वर ढकलतो. आपण ज्या हवेत वावरतो तिच्यात सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो १० टक्क्यांखाली गेला की माणूस बेशुद्ध पडतो, ६ टक्क्यांखाली गेला की काही मिनिटांत जीव जातो. म्हणजे खाली विषारी वायू, श्वासाला हवा नाही आणि वर पेटणारा वायू. टाकीचं झाकण उघडताना हे तिन्ही एकदम समोर असतात.

वास गेला म्हणजे गॅस गेला?

नाही. इथंच सगळ्यात मोठा घात होतो.

हायड्रोजन सल्फाइड मोजतात पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग गॅस. घरावरची हजार लिटरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या हवेत चहाचा एक कप भरेल इतका गॅस मिसळला, की झाला अंदाजे १०० पीपीएम. एक लिटर मिसळला, की १००० पीपीएम.

आता त्याचा परिणाम बघा :

• १ पीपीएमपेक्षाही कमी : अंडं कुजल्याचा वास लगेच येतो.
• २० पीपीएमच्या पुढे : डोळे, घसा चुरचुरतो, डोकं दुखतं.
• १०० पीपीएम : काही मिनिटांत नाक मरतं. गॅस तिथंच असतो, पण वास येणं बंद होतं. जिवाला तात्काळ धोका सुरू होतो तो याच पातळीपासून.
• ५०० ते ७०० पीपीएम : तोल जातो, साधारण पाच मिनिटांत माणूस कोसळतो.
• ७०० ते १००० पीपीएम : एक-दोन श्वासांत बेशुद्ध. श्वास थांबतो आणि काही मिनिटांत मृत्यू.

म्हणजे गॅस थोडा असतो तेव्हा नाक सांगतं आणि जास्त झाला की नाकच गप्प होतं. माणूस झाकण उघडतो, घाण वास येतो. थोडा वेळ थांबतो, वास कमी झाल्यासारखा वाटतो. 'गेला गॅस' म्हणून शिडी सोडतो. गॅस कुठंच गेलेला नसतो, गेलेलं असतं त्याचं नाक.

हा वायू शरीरात जाऊन करतो काय? आपल्या पेशी प्राणवायू वापरून शक्ती तयार करतात. हायड्रोजन सल्फाइड ती यंत्रणाच बंद पाडतो. सायनाइड हे जहाल विष ज्या जागी घाव घालतं, त्याच जागी हाही घालतो. मेंदूचा श्वास चालवणारा भाग थांबतो. म्हणून अशा टाकीत माणूस ओरडत नाही, हातपाय झाडत नाही. बोलता बोलता खाली बसल्यासारखा होतो आणि स्लरीत तोंडावर पडतो. वरच्यांना वाटतं चक्कर आली असेल, पाय घसरला असेल. आणि दुसरा उतरतो.

स्लरी हलवली की गॅस उसळतो

सोडावॉटरची बाटली शांत ठेवली तर शांत असते, हलवून उघडली की फसफसून अंगावर येते. स्लरीचंही तसंच आहे. टाकी महिनोन्महिने पडून राहिली की वर जाड थर धरतो आणि खाली गॅस स्लरीत मुरून, अडकून बसतो. तो थर फोडला, बांबूने ढवळलं, पंप चालू केला किंवा कुणी त्यात पाय टाकला, की अडकलेला गॅस एका दमात बाहेर येतो.

'काल उतरलो होतो, काही झालं नाही' ही खात्री म्हणूनच फसवी आहे. काल स्लरी शांत होती. आज ढवळली. टाकी तीच, माणूस तोच, पण हवा कालची नाही.

आणखी एक. बंद टाकीत जिप्सम किंवा सिंगल सुपर फॉस्फेट टाकू नका. त्यात गंधक असतं आणि बंद जागेत त्याचा हाच गॅस होऊ शकतो. ते मिसळायचंच असेल तर उघड्यावर, शेणखताच्या ढिगात मिसळा. तुंबलेल्या संडासाच्या टाकीत ॲसिड ओतायची काहींना सवय असते, तीही सोडा. ॲसिड पडलं की मुरलेला हायड्रोजन सल्फाइड झपाट्याने सुटतो.

गावात चालणारे उपाय आणि त्यांचं खरं-खोटं

*कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघतो.* विहिरीत उतरण्याआधी ही जुनी पद्धत. दिवा विझला तर प्राणवायू कमी आहे इतकं कळतं. पण माणूस मारायला पुरेसा हायड्रोजन सल्फाइड असला तरी दिवा जळतच राहतो. आणि शेणाच्या टाकीत मिथेन असेल तर त्याच दिव्याने स्फोट होईल. शेणाच्या टाकीत दिवा सोडू नका.

*तोंडाला ओला रुमाल, उपरणं बांधतो.* काहीही उपयोग नाही. कापड धूळ अडवतं, वायू नाही. कोरोनातले मास्क, फवारणीला वापरतो ते साधे मास्कही इथं चालत नाहीत. गॅस गाळणारा भारी मास्क असला तरी जिथं प्राणवायूच नाही तिथं तो गाळणार काय?

*श्वास रोखून जातो नि येतो.* विहिरीत बुडी मारून दीड-दोन मिनिटं राहणारे पट्टीचे पोहणारे आपल्याकडे आहेत. पण साठ-सत्तर किलोचा बेशुद्ध माणूस चिखलातून उचलायला जोर लागतो, आणि जोर लावला की श्वास घ्यावाच लागतो. एक श्वास पुरतो.

*झाकण रात्रभर उघडं ठेवलंय.* मिथेन हलका, तो निघून जाईल. जड वायू खालीच बसतात, वारं तळापर्यंत पोचत नाही. उघडं ठेवणं चांगलंच, पण तेवढ्यावर उतरणं चूक.

*टाकी छोटी आहे, चार फुटांचीच आहे.* टाकी किती खोल यावर काही नाही. चेंबरमध्ये नुसतं वाकून डोकं आत घातलं तरी तोल जाऊन माणूस आत पडू शकतो.

माणूस टाकीत उतरतो कशाला?

कारणं मोजकीच असतात. प्रत्येकावर न उतरता करायचा उपाय आहे.

मोटर चोक झाली किंवा फुटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकला, हे सगळ्यात नेहमीचं कारण. मोटर बसवतानाच तिला साखळी किंवा जाड नायलॉनचा दोर बांधा आणि त्याचं टोक वर काठाला पक्कं करा. अडकली की मोटरच वर ओढायची, माणूस खाली जायचा नाही. जमत असेल तर पंप टाकीबाहेर ठेवा आणि नुसता पाइप आत सोडा. गोठ्यातून येणाऱ्या नालीला जाळी लावली की अर्धा कचरा आधीच अडतो.

वर थर धरला, खाली गाळ बसला. लांब बांबूने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने वरूनच फोडा. वारा असेल अशा दिवशी, दिवसाउजेडी हे काम करा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे गॅस तुमच्यापासून दूर जाईल. ढवळताना टाकीवर वाकू नका. जवळच्या बंद गोठ्यातली जनावरं आधी बाहेर काढा, ढवळताना सुटलेल्या गॅसने तीही दगावू शकतात. गाळ फार असेल तर उपसा करणारा टँकर बोलवा. टँकरचे पैसे जास्त वाटतात, पण ते घरच्या माणसापेक्षा जास्त नाहीत.

बादली, फावडं, मोबाइल आत पडला. गळ टाकून निघाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

मांजर, कुत्रं, वासरू आत पडलं. वाकडीत हेच झालं. टोपली, जाळं, दोराचा फास वरून सोडा. मुक्या जिवाचा कळवळा असणं चांगलंच आहे, पण त्यासाठी आत उतरायचं नाही.

गोबरगॅसची दुरुस्ती. यंत्र तरंगत्या टोपीचं असो की जमिनीत पुरलेलं दीनबंधू घुमटाचं, आत शिरून करायचं काम घरच्या माणसाने किंवा रोजाच्या गड्याने करायचंच नाही. रिकाम्या दिसणाऱ्या घुमटातही गॅस राहतो. हे काम ज्यांच्याकडे गॅस मोजायचं यंत्र, हवा आत सोडणारा पंखा, अंगाला बांधायचा पट्टा, वरून ओढायची तिकटी आणि श्वासाचं सिलिंडर आहे, त्यांचंच.

बिबट्या पडला तर आपण काय करतो?

आपल्या दोन तालुक्यांत विहिरीत बिबट्या पडल्याची बातमी काही नवी नाही. काठावर सगळं गाव गोळा होतं, पण एवढ्या गर्दीतला एकही माणूस खाली उडी मारत नाही. कुणीतरी वनखात्याला फोन लावतं. तोवर वरून बाज किंवा फळी सोडतात, म्हणजे बिबट्याला टेकायला आधार होतो. मग पिंजरा येतो, दोरांनी खाली जातो आणि जनावर वर येतं. विहिरीत बिबट्या असताना तिथं उतरायचं नाही, हे इथल्या लहान पोरालाही शिकवावं लागत नाही.

बिबट्या डोळ्यांना दिसतो आणि त्याची गुरगुर ऐकू येते. गॅस दिसत नाही, ऐकू येत नाही आणि वाढला की त्याचा वासही येत नाही. त्या टाकीत बिबट्या बसला आहे असं समजूनच वागायचं : वर थांबा, फोन करा, वरून जे सोडता येईल ते सोडा.

कुणी पडलंच तर काय करायचं?

१. आत उतरू नका. दुसऱ्यालाही उतरू देऊ नका. हे ऐकायला कठोर आहे. आत मुलगा असेल तर बाप थांबणार नाही, नवरा असेल तर बायको थांबणार नाही. म्हणून काठावरच्या लोकांचं पहिलं काम म्हणजे त्या माणसाला घट्ट धरून ठेवणं. दोघांनी मिळून धरा, शिव्या दिल्या तरी सोडू नका. अशा बंद जागांतल्या अपघातांवर अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेने १९८६ मध्ये लिहून ठेवलंय की मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. खांडज आणि वाकडीतही हेच दिसलं.

२. ११२ वर फोन करा. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांची मदत या एकाच नंबरवर मागता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१. गाव, वस्ती, जवळची खूण सांगा आणि हे वाक्य न विसरता बोला : 'माणूस गॅसच्या टाकीत पडलाय, श्वासाचं सिलिंडर घेऊन या.' नुसतं 'माणूस पडला' म्हटलं तर येणारेही तयारीविना येतील. एक जण मोटरसायकलवर रस्त्यापर्यंत पाठवा, म्हणजे गाडी वस्तीवर शोधत फिरणार नाही.

३. आतला माणूस शुद्धीत असेल तर फास केलेला दोर सोडा आणि तो काखेखालून अडकवायला ओरडून सांगा. कमरेला आधीच दोर असेल तर बाहेर उभं राहूनच ओढा.

४. झाकणं सगळी उघडा. पंखा किंवा ब्लोअर मिळाला तर तो टाकीपासून लांब ठेवून पाइपने ताजी हवा आत सोडा. इंजिनवर चालणारा असेल तर त्याचा धूर आत जाणार नाही अशा जागी ठेवा. बिडी-काडी बंद. टाकीच्या तोंडाशी विजेचं बटण दाबू नका.

५. माणूस वर आला की मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या. तोंडातली घाण पुसा, कपडे सैल करा. श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. तोंडाने तोंडात श्वास देऊ नका, त्याच्या फुप्फुसातला गॅस तुमच्यात येऊ शकतो.

६. दवाखान्यात पोचल्यावर 'गोबरगॅसच्या टाकीत पडला होता' हे आधी सांगा. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, नारायणगाव, जुन्नर, घोडेगावची ग्रामीण रुग्णालयं, जे जवळ असेल तिथं न्या. माणूस शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी लगेच घरी आणू नका. या गॅसमुळे काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं. डॉक्टर सोडतील तेव्हाच सोडवून आणा.

मजूर उतरवला तर जबाबदारी कुणाची?

पुष्कळदा टाकीत उतरतो तो रोजाने आलेला माणूस. त्याला धोक्याची कल्पना नसते आणि नाही म्हणायची सोय नसते. संडासाच्या टाकीबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही सेप्टिक टाकी किंवा गटार साफ करायला उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटार सफाईत मेलेल्यांच्या वारसांना द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

शेणाच्या टाकीचं नाव त्या कायद्यात नसेल, पण गॅस तोच आहे. स्वतःच्या पोराला जिथं उतरवणार नाही, तिथं दुसऱ्याच्या पोराला उतरवू नका.

शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अपघातांच्या यादीत विषबाधा आणि पाण्यात बुडणं ही कारणं आहेत. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा आणि लवकर करायचा. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन झालेलं असणं त्यासाठी महत्त्वाचं. 'कशाला चिरफाड' म्हणून घरच्यांनी नकार दिला तर पुढे अडचण येते.

या आठवड्यात करता येतील अशी कामं

• टाकीवर पक्कं झाकण किंवा लोखंडी जाळी बसवा. पोरं खेळतात तिथं तर आजच.
• मोटरला वर ओढायचा दोर बांधा.
• टाकीच्या भिंतीवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहा : 'आत विषारी गॅस. उतरू नका. कुणी पडल्यास ११२.'
• जुन्या विहिरीत शेण-स्लरी सोडत असाल तर बंद करा. विहीर बुजवा, नाहीतर कठडा करून जाळी टाका.
• गोठ्यावरच्या गड्याला, घरातल्या बायामाणसांना, कॉलेजात जाणाऱ्या पोरांना हे एकदा बसवून सांगा. संकटात धावणारी हीच माणसं असतात.
• गावातल्या दूध संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने मिळून गॅस मोजायचं एक छोटं यंत्र घेता येतं. प्राणवायू, पेटणारा वायू आणि हायड्रोजन सल्फाइड तिन्ही ते दाखवतं आणि धोका असला की वाजतं. पण यंत्र गप्प आहे म्हणून घरच्याने उतरायचं असं नाही. ढवळल्यावर दोन मिनिटांत आकडा बदलतो.

गोबरगॅस वाईट नाही. त्याने सिलिंडरचा खर्च वाचतो आणि शेताला खत मिळतं. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारलं तर नीट बांधायची माहिती मिळू शकते. टाकी असू द्या, फक्त तिच्यात माणूस उतरू देऊ नका. आपल्या गावाच्या आणि दूध संस्थेच्या ग्रुपवर ही माहिती पाठवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, अशा गोठ्यावरच्या माणसाला वाचून दाखवा.